फायबरच्या नावेतून आलेलं ऊन

दोन हजार तेवीस साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. आधारकार्डावर अडुसष्ट लिहिलं आहे, पण ते गुरुजींनी अंदाजानं टाकलेलं वय. आई सांगायची ते मी धरतो. शाळा तिसरीपर्यंत झाली. तेवढ्या अक्षरांवर हे लिहितो आहे, चुकलं तर चुकलं.

आमचं गाव वैनगंगेच्या चंद्रपूरकडच्या अंगाला. समोरच्या तीरावर, जरा वर, मार्कंडा. महाशिवरात्रीला तिथे जत्रा भरते आणि इकडची माणसं नावेनं पलीकडे जातात. रस्त्यानं गेलं तर मोठा फेरा पडतो, आणि म्हाताऱ्या बायांना नदी ओलांडल्याशिवाय जत्रा केल्यासारखं वाटतच नाही. बंधारा झाल्यापासून माघातही पाणी खोल असतं. आम्ही ढिवर, मासे धरणारे, नावा चालवणारे. जत्रेची माणसं ओलांडून द्यायचं काम आधी माझा बाप करी, मग मी. बापाच्या जागी उभा राहिलो त्याला चाळीसच्या वर वर्षं झाली होती आणि एकही जत्रा मी चुकवली नव्हती. कोरोनाच्या काळात जत्राच भरली नाही, ते मी मोजत नाही. अंगात ताप असताना नाव चालवली, लेकीचं लग्न आठवड्यावर असताना चालवली. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. ज्याला नव्हतं त्याला मी सांगत असे.

पहिल्यांदा आमचा लाकडाचा डोंगा होता. मग या गोष्टीच्या अकरा वर्षं आधी आमच्या मच्छीमार संस्थेला कुठल्याशा योजनेतून फायबरची नाव मिळाली. निळी होती. ट्रकातून उतरवली तेव्हा तिच्यावर माश्यासुद्धा घसरत होत्या. ती सांभाळायला कोण, तर मी. दुसरं कोणाचं नाव निघालंच नाही.

आता डोंग्याची रीत सांगतो. दरसाल जेठात, पाऊस लागायच्या आधी, डोंगा वाळूवर पालथा घालायचा. मोहाच्या फळातल्या बीला आम्ही टोळी म्हणतो. त्या टोळीचं तेल कढवायचं, त्यात राळ विरघळवायची आणि गरम असतानाच फडक्यानं लाकडात जिरवायचं. लाकूड तेल पितं. पीत पीत एक वेळ अशी येते की ते म्हणतं पुरे, आणि तेल वर तरंगतं. मग थांबायचं. माझ्या बापाचा डोंगा त्याच्यापेक्षा जास्त जगला तो या तेलावर.

फायबरच्या नावेलाही मी अकरा वर्षं तेच केलं. अर्धी नाव मी चोळायचो, अर्धी बायको. कोणी सांगितलं नव्हतं आणि कोणी विचारलंही नव्हतं. तेल आत जात नाही हे मला पहिल्याच वर्षी दिसलं. ते वरच राहिलं, उन्हानं चिकट झालं, मग कडक झालं. मी म्हटलं, नवी आहे, प्यायला शिकेल. दुसऱ्या वर्षी जास्त घातलं.

दहाएक वर्षांनी ती नाव निळी म्हणवत नव्हती. कुठे गूळ कढवलेल्या कढईच्या बुडासारखी तपकिरी, कुठे पांढरट. पांढऱ्यावर बोट फिरवलं की खडूसारखी भुकटी लागायची. मध्ये काळे ओघळ. जत्रेतल्या बाया काठाला पदर लागू नये म्हणून अंग चोरून बसत. बावीस सालच्या जत्रेला नावा तपासायला जो साहेब आला त्यानं तिच्यावरून तळवा फिरवला, रुमालाला पुसला आणि म्हणाला की या थराखाली भेग असली तरी मला दिसणार नाही. या खेपेस सोडतो. पुढच्या साली अशीच आणली तर परवानगी नाही.

मी ते मनावर घेतलं नाही. संस्थेच्या अध्यक्षबाईनं घेतलं. ती बाई आमच्यातलीच, बाजारात मासे विकून तिची जीभ धारदार झालेली. पौषातल्या बैठकीत सगळ्यांदेखत म्हणाली, "भाऊ, या खेपेले परवानगी नाई भेटली तं ही नाव भंगारात. संस्था नवी मागन. अन् नवी नाव तरण्या मानसाच्या हाती जाईन. मी आत्ताच सांगून राह्यली, मंग म्हनू नका."

मी उठून चालता झालो. चहा ठेवला होता तो प्यायलो नाही.

घरी येऊन बायकोला सांगितलं की मला नदीवरून उतरवायचा बेत आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि वडशाला तिच्या भावाला फोन लावला. माझा साळा तिकडे मोटारींना रंग मारतो. हिवाळा म्हणजे आमच्याकडे नाटकांचा हंगाम, तेव्हा नाटक कंपन्यांच्या गाड्या त्याच्या दारात रांगेनं उभ्या असतात, त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते, तरी बहिणीच्या शब्दावर दोन दिवस काढून आला. पन्नाशी उलटलेला माणूस, पण माझ्या लग्नात पोरवयात मांडवाच्या खांबावर चढला होता, तेव्हापासून मी त्याला तसाच धरतो.

नाव दोन ओंडक्यांवर पालथी ठेवली होती, जांभळीच्या झाडाजवळ. साळ्यानं नखानं एक खपली काढली, नाकाशी नेली.

"भाऊजी, हे काय लावलं?"

"तेल."

"कायचं?"

"टोळीचं. राळ घालून."

तो वाळूत बसला. "अकरा साल? तुमी नाव तळून राह्यले का भजी?"

बायको हसली. मी हसलो नाही. मग त्यानं नीट सांगितलं, ते आता मला पाठ आहे. या नावेत लाकूड नाही. आत काचेचे धागे, चटईसारखे, गोंदात बसवलेले. त्यावर नखाएवढी जाड एक साय, तिला जेलकोट म्हणतात. नावेचा रंग त्या सायीत असतो, चमकही तिच्यातच असते, वरून कोणी लावलेली नसते. उन्हानं साय मरते, वरवर भुकटी होते. पण खाली जिवंत असते. वरची मेलेली काढली की खालची दिसते. फक्त किती काढायची ते कळलं पाहिजे, कारण साय एकदाच मिळते.

मी म्हटलं, तेल लावलं म्हणून तर टिकली. तो म्हणाला, टिकली का सडली ते खोदल्यावर कळन. रात्रीच्या जेवणापर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं थिनरचा डबा उघडला. थिनरचं फडकं थरावर दाबून ठेवायचं, शंभर मोजायचे, मग लाकडी पट्टीनं खरवडायचं. तेल चामड्यासारखं निघायला लागलं. साळा परत गेला, आम्ही दोघं नवरा-बायको रोज सकाळी खरवडायला जाऊ लागलो. चार दिवसांत सगळं निघालं. मग सोड्याच्या पाण्यानं धुतली आणि मी दहा पावलं मागं जाऊन पाहिलं.

मला वाटलं होतं खाली एक रंग असेल. खाली माझा हात होता.

जिथे तेल जाड बसलं होतं तिथे साय ट्रकातून उतरवली त्या दिवसाइतकी निळी होती. जिथे तेल कमी पडलं तिथे ऊन खाऊन पांढरी. त्यामुळे मी अकरा वर्षं जसा जसा फडका फिरवला तसा तसा तो नावेवर उमटला होता. खांद्यापासून निघालेला मोठा बाक, त्याच्यावर दुसरा बाक, टोकाला बोटांचे फराटे. नाव वर्षातले बरेच दिवस वाळूवर पालथीच असे, आणि पालथ्या नावेचा बुडातला कणा वर असतो. सुरुवातीच्या वर्षी माझा हात कण्यापर्यंत पोचला होता, तिथे फिकट निळ्याची एक जुनी पट्टी होती. मग दर काही वर्षांनी निळं खाली खाली आलेलं. माझा खांदा कधी धरला, कधी हात कानाच्या वर जाईनासा झाला, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. नावेवर ते सगळं लिहिलेलं होतं, आणि कोणीही वाचावं इतकं मोठं.

माझं वाचन फार नाही, पण स्वतःचं म्हातारपण असं वाचायला मिळालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

बायको दुसऱ्या बाजूनं बोलली, "इकडं या. माझी बाजू पाहा."

तिची बाजू वरपासून खालपर्यंत सारखी होती. जरा फिकी, पण एकसारखी. ती तेल लावून झालं की कोरड्या फडक्यानं जादाचं टिपून घेई, तव्याला करतात तसं. मी त्यावरून दरसाल तिला बोललो होतो की तू तेलाला कंजूसपणा करतेस.

"पाह्यली," मी म्हटलं.

"मंग?"

"मंग काय. घासाले लागू."

घासायचं म्हणजे वॉटर पेपरनं. साळ्यानं नंबर लिहून ठेवले होते, चारशे, आठशे, हजार, दीड हजार, दोन हजार. आकडा वाढेल तसा कागद मऊ. कागद पाण्यात भिजवायचा, रबराच्या ठोकळ्याला गुंडाळायचा, पाणी सोडत सोडत फिरवायचा. नावेवरून दूध वाहतं. पहिलं दूध पांढरं, ते मेलेल्या सायीचं. मग निळसर होतं, ते जिवंत सायीचं. आणि दूध पातळ होऊन नुसतं पिवळट पाणी यायला लागलं तर हात उचलायचा, कारण साय संपली, खाली काच आली. साळ्यानं फोनवर हे रोज विचारलं, दूध कोणत्या रंगाचं येऊन राह्यलं. दुभती म्हैस घेतल्यासारखा.

या कामात एक फसवणूक आहे. ओली असते तोवर नाव चमकते. माणसाला वाटतं झालं. ऊन लागून पाणी उडालं की पुन्हा राखेसारखी. पहिल्या दिवशी मी तीन वेळा बायकोला हाक मारून दाखवली आणि ती येईपर्यंत तिन्ही वेळा चमक गेलेली. चौथ्यांदा ती आली नाही.

मी ताकद लावणारा माणूस. चारशेच्या कागदानं नावेच्या नाकाजवळ इतकं रगडलं की तळहाताएवढ्या जागेत पिवळं पाणी आलं. तिथून पुढे मी हात हलका ठेवायला शिकलो. बोटांनी दाबायचं नाही, तळव्याच्या वजनानं जाऊ द्यायचं. आठशेला मला कळलं, हजारला जमलं, दोन हजारला हात आपोआप फिरायला लागला. तीन आठवडे गेले. नखं झिजून बोटांची टोकं गुळगुळीत झाली. संस्थेतली माणसं येताजाता उभी राहात. अध्यक्षबाई एकदा येऊन काहीच न बोलता गेली, ते तिच्या मानानं पुष्कळ होतं.

जत्रेला तीन दिवस राहिले तेव्हा साळा पॉलिशचं मशीन घेऊन पुन्हा आला. पंपाच्या खोलीतून वायर ओढली. त्यानं नावेच्या कुशीवर रबिंग कंपाऊंड लावलं, ते पांढरं लोण्यासारखं असतं, आणि मशीन फिरवलं. टोपलीएवढी जागा झाली. त्यानं फडक्यानं पुसली आणि बाजूला सरला.

तिथे जांभूळ होती. पानं मोजता येतील अशी. जांभळीच्या मागं आभाळ, आणि त्या आभाळातून एक पाणकावळा इकडून तिकडे गेला. मी वळून खऱ्या आभाळात पाहिलं, तोवर तो गेला होता. मी तो फक्त नावेत पाहिला.

मी नदीवर जन्म काढला आहे. पाण्यात आभाळ रोज पाहतो. पण पाणी हलतं, मोडतं, पुन्हा जोडतं. हे हलत नव्हतं. मी हात पुढे केला, पण लावला नाही. कागदानं झिजलेल्या माझ्याच बोटांची मला भीती वाटली.

"लावा न," साळा म्हणाला. "तुमीच केलं हाये."

"एवढं मी केलं?"

"मशीननं शेवटचं एक आना केलं, भाऊजी. पंधरा आने तुमच्या दोघांचे."

अशा माणसाला मांडवाच्या खांबावर चढलेला धरणं आता सोडायला हवं, असं मला त्या दिवशी वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळी नाव झाली. बायको शेवटचं मेण लावत होती. ऊन डोक्यावर आलेलं. मी भाकर घेतली आणि सावलीसाठी नावेखाली शिरलो. ओंडक्यांवर पालथी होती, बसता येईल एवढी जागा होती. मी पाठीवर पडलो आणि वर पाहिलं.

नावेतून ऊन येत होतं.

अकरा वर्षांत मी तिच्याखाली कितीदा शिरलो असेन, पण तेव्हा तिच्यावर माझं तेल होतं. आतून तिला कधी रंग दिलेला नव्हता. आता ती सगळी पेटली होती, निळी, कुठे हिरवट, पळसाचं कोवळं पान उन्हाकडे धरल्यावर दिसतं तशी. काचेचे धागे दिसत होते, आडवे उभे, एकातून एक गेलेले. जिथे साय जाड तिथे गडद, जिथे मी जास्त घासलं तिथे फिकट. आणि त्या उजेडातून एक हात फिरत होता. बायकोचा. सावली नुसती, पण पाची बोटं वेगळी. गोल गोल फिरत होता, सावकाश, पुढे सरकत, कणा ओलांडून माझ्या बाजूला येत. तिला माहीत नव्हतं की मी पाहतो आहे. पन्नास वर्षांच्या संसारात मी तिचा हात भाकरीवर पाहिला, जाळ्यावर पाहिला, लेकरांच्या कपाळावर पाहिला. असा कधी पाहिला नव्हता. घास माझ्या तोंडात तसाच राहिला.

मग तो हात एका जागेवरून गेला आणि एक रेघ विझली. हात सरला, रेघ पुन्हा पेटली.

केसासारखी बारीक, वीतभर लांब, कण्याच्या बाजूनं. बाकीच्या नावेतून निळं ऊन येत होतं आणि त्या रेघेतून पांढरं. हात पुन्हा आला, विझली. गेला, पेटली. मी भाकर खाली ठेवली.

भेग होती. आरपार. मी साळ्याला खाली बोलावलं. त्यानं पाहिलं, बाहेर जाऊन वरून नख फिरवलं, कोरडं फडकं दाबून धरलं आणि वास घेतला. मला वास घ्यायची गरज नव्हती.

"भरता येईन?" मी विचारलं.

"येईन. पन आत्ता नाई. भेगेत तुमचं तेल मुरलं हाये. तेलकट काचेवर रेझिन, म्हंजे तो गोंद, धरत नाई, सुटून येते. दोन्ही अंगानं घासून काढा लागन, मंग पंधरा-वीस दिवस सुकवा लागन, मंग वरून काचेच्या चटईचा चट्टा, ठिगळावानी."

"साहेब उद्या येऊन राह्यला. परवा जत्रा."

"मले मालूम हाये." तो थोडा वेळ मेणाच्या डब्याचं झाकण फिरवत बसला. "मेनानं भरली तं वरून दिसत नाई. मागल्या साली बी भेग होतीच असन. कोन बुडलं?"

बायको उभी होती. तिनं त्या जागेवर बोट ठेवलं आणि एवढंच विचारलं, "नाव सुलटी केली का हिच्यावर कोन बसते?"

मला उत्तर माहीत होतं, तिलाही होतं. मधली फळी. बाया, लेकरं घेतलेल्या.

मी डबा घेतला आणि भेग मेणानं भरली. हे लपवून मला काही मिळायचं नाही म्हणून लिहितो. भरली, पुसली, आणि ती दिसेनाशी झाली. संध्याकाळी सगळं गाव पाहायला आलं. म्हातारे कोतारे वाकून आपल्या मिशा पाहून गेले. अध्यक्षबाईनं नावेसमोर उभं राहून कुंकू नीट केलं आणि मला म्हणाली की भाऊ, नवी नाव आली असती तरी एवढी नवी नसती. माझी छाती किती फुगली असेल ते मी सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब आला. तोच, रुमालवाला. त्यानं नावेवरून तळवा फिरवला, तळवा पाहिला, रुमाल काढलाच नाही. चहूबाजूंनी फिरला. मग कागद गुडघ्यावर ठेवला आणि पेन उघडलं.

मी म्हटलं, "साहेब, वरून पाह्यलं. आता खालून पाहा."

का म्हटलं, हे मला अजून नीट सांगता येत नाही. ते ऊन कोणाला तरी दाखवायची हाव होती, हे खरं. आदल्या दुपारपासून मी ती पोटात घेऊन फिरत होतो. आणि मेणानं ऊन अडत नाही, हेही मला माहीत होतं. मी सकाळीच खाली शिरून पाहून आलो होतो.

साहेबाची पँट इस्त्रीची होती. तरी तो शिरला. मी शेजारी शिरलो. दोघं वाळूत पाठीवर पडून वर पाहत राहिलो. मग तो हळू आवाजात म्हणाला की बाबा, असं असतं हे मला माहीत नव्हतं, मी इतक्या नावा तपासल्या. मी म्हटलं, मलाही नव्हतं. एखाद्या देवळात बोलावं तसे आम्ही बोलत होतो.

मग त्याचं बोट वर गेलं. "ही काय आहे?"

"भेग."

"आरपार?"

"आरपार."

तो माझ्याकडे वळला. "तुम्ही बोलावलं नसतं तर मी सही केली असती."

"म्हनून तं बोलावलं."

बाहेर येऊन त्यानं पाठ झटकली आणि कागदावर लिहिलं. वाचून दाखवलं. नाव मजबूत आहे, मोडीत काढायचं कारण नाही, भेग दुरुस्त करून पुन्हा दाखवावी, तोवर माणसं बसवू नयेत. अध्यक्षबाईनं मान हलवली. तिनं मला काही ऐकवलं असतं तर मला बरं वाटलं असतं, पण ती म्हणाली, "चैतात सुकन. मंग चट्टा मारू," आणि निघाली. साळा मशीनची वायर गुंडाळत होता. तो म्हणाला, "भाऊजी, मले वाटलं तुमी साहेबाले खाली जेवाले बसवलं." त्या दिवशी मी त्याच्या बोलण्यावर हसलो.

म्हणजे चाळीसच्या वर वर्षांत पहिल्यांदा जत्रा भरणार होती आणि मी माणसं ओलांडून देणार नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून धुतलेलं धोतर नेसलो आणि बायकोला म्हटलं, चाल. घाटावर शेजारच्या गावची नाव लागली होती. आम्ही दोघं रांगेत उभे राहिलो आणि आमची पाळी आली तेव्हा पुढच्या फळीवर जाऊन बसलो. नाव चालवणारा कायम मागं उभा राहतो. त्याची नजर पाण्यावर असते, धार कुठे ओढते, खडक कुठे आहे, कोण हलतं आहे. मार्कंडा त्याला दिसत नाही, त्याला फक्त उतरायची जागा दिसते. मी इतकी वर्षं लोकांना देवाच्या दारी नेलं आणि देऊळ पाण्यावरून कसं वर येतं ते पाहिलं नव्हतं. पहिल्यांदा वाळू, मग झाडं, मग झाडांतून एक काळं टोक, मग दुसरं, आणि मग सगळी शिखरं एकदम, नदीतूनच उगवल्यासारखी. नावेतल्या बायांनी हात जोडले. माझेही जोडले गेले. बायको माझ्याकडे पाहत होती.

"काऊन, कधी पाह्यलं नाई?"

"नाई," मी म्हटलं.

मग मी उजवा हात नावेच्या काठावरून खाली सोडला. पाणी गार होतं. झिजलेल्या बोटांना ते जरा जास्तच गार लागलं.

"ओ भाऊ," मागून नावाडी ओरडला, "हात आत घ्या."

मी घेतला.